'वोस्मेसे'ला मराठीत काय म्हणावे?

पदव्युत्तर वर्गाला अनुवादाभ्यास शिकवताना मी काही वर्षे एकच स्वाध्याय देत आलो आहे. ब्राझीलचे कथाकार जोआव गिमाराइंस रोझा यांच्या 1962 सालच्या 'प्रिमेइरास इस्तोरियास' या संग्रहात 'फामिझेरादू' नावाची तीनचार पानांची एक कथा आहे. ती इंग्रजीतून वाचायची आणि तिच्यातील संवादांचा मराठी आराखडा करायचा. कथानक असे : आडगावात राहणाऱ्या एका शिकलेल्या माणसाच्या दारात चार घोडेस्वार येऊन उभे राहतात. त्यांचा म्होरक्या दामाझिओ हा पंचक्रोशीत नाव ऐकून लोकांनी चळचळा कापावे असा मारेकरी आहे. तो खाली उतरत नाही, डोक्यावरची टोपी काढत नाही. सहा कोसांच्या वर रपेट करून तो आला आहे ते एका शब्दाचा अर्थ विचारायला. सरकारकडून आलेल्या एका तरुणाने त्याला 'फामिझेरादू' म्हटले आहे. ही शिवी आहे की स्तुती, हे त्याला ठाऊक नाही. आणि उत्तरावर कुणाचा तरी जीव अवलंबून आहे.

आराखड्याच्या पहिल्याच ओळीवर वर्गात दोन तट पडतात. घोड्यावर बसलेला हत्यारबंद मनुष्य दारातल्या निःशस्त्र माणसाला 'तू' म्हणणार, असे एका तटाचे म्हणणे. अडाणी माणूस शिकलेल्याला 'तुम्ही'च म्हणेल, असे दुसऱ्या तटाचे. दोन्ही बाजूंची मांडणी जीवनानुभवातून आलेली असते, संहितेतून नव्हे. कारण इंग्रजी संहितेत या प्रश्नाचे उत्तरच शिल्लक राहिलेले नसते. मूळ पोर्तुगीज संहितेने मात्र तो प्रश्न दामाझिओच्या तोंडच्या पहिल्या काही शब्दांतच सोडवला आहे, आणि तो दोन्ही तटांना अपेक्षित नसलेल्या तिसऱ्याच रीतीने. तो 'तू'ही म्हणत नाही आणि 'तुम्ही'ही म्हणत नाही. तो 'वोस्मेसे' म्हणतो.

हा शब्द काय आहे हे समजून घेण्यासाठी पोर्तुगीज सर्वनामांच्या व्यवस्थेत थोडे आत शिरावे लागते. व्याकरणाच्या पुस्तकात ती व्यवस्था फार सोपी दिसते. एकवचनात 'एउ' म्हणजे मी, 'तु' म्हणजे तू (आपल्या 'तू'चाच हा दूरचा सगोत्र), 'एल' आणि 'एला' म्हणजे तो आणि ती. अनेकवचनात 'नॉस', 'वॉस', 'एलेस' आणि 'एलास'. सहा क्रियारूपांचा हा तक्ता लॅटिनमधून जसाच्या तसा उतरलेला आहे. अडचण अशी की हा तक्ता आज कुणी पूर्णपणे बोलत नाही. द्वितीय पुरुषाचे अनेकवचन 'वॉस' हे उत्तर पोर्तुगालच्या काही बोली, प्रार्थना आणि जुन्या धाटणीचे वक्तृत्व एवढ्यापुरते उरले आहे. एकवचनी 'तु' पोर्तुगालमध्ये घरात आणि मैत्रीत ठणठणीत जिवंत आहे. ब्राझीलच्या फार मोठ्या भागात मात्र त्याची जागा 'वोसे'ने घेतली, आणि जेथे 'तु' टिकले तेथेही पुष्कळदा त्याच्याबरोबर तृतीय पुरुषाचे क्रियापद चालते. 'आम्ही'च्या अर्थाने 'आ झेंत' म्हणजे शब्दशः 'लोक' हे नाम वापरून क्रियापद एकवचनी ठेवण्याची रीत सर्रास आहे. आपण 'आत्मन्'पासून 'आपण' केले, त्यांनी लोकांपासून केले, एवढाच फरक.

या पडझडीत आदराचे काय झाले, हा आपला विषय. मराठीत आदर मुख्यतः वचनाने व्यक्त होतो : 'तू'चे 'तुम्ही' होते, 'तो आला'चे 'ते आले' होते. फ्रेंचचीही हीच वाट. 1960 साली रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी सत्ता आणि सलगी या दोन अक्षांवर सर्वनामांची मांडणी केली आणि लॅटिन 'तु' व 'वोस' यांच्या आद्याक्षरांवरून दोन प्रकारांना नावे दिली. ती विभागणी आपल्याकडच्या समाजभाषावैज्ञानिक लेखनातही मुक्तपणे वापरली गेली. तिचा आधार प्रामुख्याने फ्रेंच, जर्मन आणि इटालियन भाषांचा होता. पोर्तुगीजला ती लावू गेले की अडखळायला होते. कारण तेथे आदराचा भार मुळात दुसऱ्या सर्वनामावर नाहीच. तो पडला आहे तृतीय पुरुषावर. जर्मन, इटालियन, स्पॅनिश या भाषांनीही आदरासाठी तृतीय पुरुष उसना घेतला हे खरे. परंतु तेथे एक रूप ठरले आणि वाट बंद झाली. पोर्तुगीजमध्ये ती वाट उघडीच राहिली. समोरच्या माणसाला उद्देशून जवळजवळ कोणतेही नाम वापरावे आणि क्रियापद तृतीय पुरुषी ठेवावे : 'उ सेन्योर' (तो धनी), 'आ सेन्योरा दोतोरा' (ती डॉक्टरीणबाई), वडिलांशी बोलताना 'उ पाय', आईशी बोलताना 'आ माय', सहकारी स्त्रीशी बोलताना नुसते तिचे नाव, आणि तेही उपपदासह. 'मारियाने जेवण केले का?' हा प्रश्न मारियाबद्दल आहे की मारियालाच, हे वाक्य सांगत नाही. बोलणाऱ्याची नजर सांगते.

लुईश फिलिप लिंडली सिंत्रा यांनी 1972 साली पोर्तुगीज संबोधनांवर लिहिलेल्या छोटेखानी ग्रंथात सार्वनामिक, नामिक आणि क्रियापदी असे तीन प्रकार वेगळे केले, ते याच कारणाने. त्यांतला तिसरा प्रकार मला सर्वांत बोलका वाटतो. तेथे संबोधनच नसते. नुसता क्रियापदाचा प्रत्यय असतो. 'केर काफे?' म्हणजे 'कॉफी हवी?' यात 'वोसे' नाही, 'सेन्योर' नाही. माणसाला काय म्हणावे हे ठरेपर्यंत प्रत्ययावर वेळ मारून नेता येते. मराठी माणसाला ही युक्ती नवी नाही. नव्या सुनेच्या, नव्या जावयाच्या किंवा वयाने लहान पण हुद्द्याने मोठ्या माणसाच्या बाबतीत आपण 'चहा घेणार ना?', 'कधी येणं झालं?', 'जेवायचं ना आता?' असे कर्त्याला चुकवत बोलतो. फरक एवढाच की आपल्याकडे ही लपवाछपवी मानली जाते, तर पोर्तुगीजच्या अभ्यासकाने तिला व्याकरणात मानाची जागा दिली.

तृतीय पुरुषाचा आदर म्हटल्यावर संस्कृत शिकलेल्या वाचकाच्या मनात एक शब्द आलाच असेल. 'भवान्' समोर बसलेला असतो आणि क्रियापद 'गच्छति' हेच राहते. पाणिनीच्या व्यवस्थेत मध्यमपुरुष केवळ 'युष्मद्'च्या सोबतीने येतो. 'भवत्' त्यात मोडत नाही, म्हणून तो उरलेल्यांच्या रांगेत बसतो. 'भवत्' हे 'भगवत्'चे आकुंचित रूप असावे असे व्हिटनीसारख्या व्याकरणकारांचे मत आहे. हे मत मान्य केले तर साम्य केवळ क्रियापदापुरते न राहता शब्दाच्या जन्मापर्यंत पोहोचते. कारण 'वोसे' हेही एका मोठ्या बिरुदाचे झिजलेले रूप आहे. त्याबद्दल पुढे.

मराठीने 'भवान्' सांभाळला नाही. तरीही तृतीय पुरुषाच्या आदराला मराठी कान पारखा नाही. 'महाराजांनी आज्ञा करावी', 'आईसाहेबांनी बसावं' ही ऐतिहासिक नाटकांतली वाक्ये कितीही रंगभूमीची वाटली तरी त्यांची रचना नेमकी 'उ सेन्योर'ची आहे. त्याहून जिव्हाळ्याचे उदाहरण 'स्वारी'चे. 'आज स्वारी रागावलेली दिसते' असे बायको नवऱ्याच्या तोंडावर म्हणते तेव्हा समोरचा पुरुष स्त्रीलिंगी नाम होऊन तृतीय पुरुषात जाऊन बसतो. पोर्तुगीजमधली 'वोसा एसेलेन्सिया' किंवा 'वोसा सेन्योरिया' ही बिरुदेही अशीच स्त्रीलिंगी भाववाचक नामे आहेत. पण तेथे विशेषण पुरुषाला पुल्लिंगीच लागते. म्हणजे बिरुद स्त्रीलिंगी आणि थकणारा मात्र पुरुष. मराठी 'स्वारी' शेवटपर्यंत स्त्रीलिंगीच राहते. मोरो केशव दामल्यांच्या तर्ककठोर व्याकरणदृष्टीला हा भेद रुचला असता असे उगीच वाटते.

ही रचना आदराचीच का व्हावी? एमिल बेन्व्हेनिस्त यांनी 1946 साली क्रियापदातील पुरुषसंबंधांवर लिहिलेल्या निबंधात एक मूलगामी विधान केले. 'मी' आणि 'तू' हेच खरे पुरुष. 'तो' हा पुरुषच नव्हे, तो संवादाबाहेरचा, अ-पुरुष. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे : समोरच्याला 'तो' म्हणणे म्हणजे त्याला संवादातून उचलून बाहेर ठेवणे; आणि बाहेर ठेवण्याच्या दोनच जागा असतात, एक आपल्या वर आणि एक आपल्या खाली. म्हणून हीच रचना परमादराची असते आणि परम तुच्छतेचीही. याचा पुरावा मराठीत शोधायला लांब जावे लागत नाही. समोर उभ्या माणसाकडे पाहत 'आलं का ध्यान!' म्हणतो ते व्याकरणाने 'स्वारी आली वाटतं!'च्या शेजारीच राहते. पोर्तुगीज संबोधनांचा सगळा इतिहास मला या दोन शेजाऱ्यांच्या मधल्या गल्लीतून गेलेला दिसतो.

'वोसे'चे मूळ 'वोसा मेर्से'. 'मेर्से' म्हणजे कृपा, अनुग्रह. 'वोसा मेर्से' म्हणजे 'आपली कृपा'. चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत हे बिरुद पोर्तुगालच्या राजाला लावले जात असे. मग राजासाठी अधिक वजनदार बिरुदे आली, प्रथम 'आल्तेझा' आणि पुढे 'माझेस्ताद', आणि 'वोसा मेर्से' सरदारांकडे उतरले, सरदारांना तेही पुरेना, तेव्हा ते सधन नागरिकांकडे आले, तेथून सामान्यांकडे. उतरताना त्याची अक्षरेही गळत गेली : 'वोसा मेर्से', 'वोसेमेसे', 'वोस्मेसे', 'वोसे', आणि ब्राझीलच्या आजच्या बोलीत नुसते 'से'. पोर्तुगालमध्ये 'वोसे' इतके खाली आले की अनेक घरांत ते मुलांना बोलू दिले जात नाही. 'वोसे तबेल्यात म्हणतात' अशा अर्थाची एक जुनी दटावणी आहे. ब्राझीलमध्ये त्याच शब्दाने निराळे वळण घेतले. तेथे तो घरचा झाला. नवरा-बायको, आई-मूल, मित्र-मित्र सगळे एकमेकांना 'वोसे' म्हणतात. एकच शब्द एका किनाऱ्यावर उर्मटपणाचा आणि दुसऱ्या किनाऱ्यावर मायेचा. आपल्याकडे 'राजन्'पासून 'राव' झाला, तो कुणा सरदाराच्या नावाला लागला, मग ज्याच्या त्याच्या नावाला लागला, आणि आता 'काय राव!' या उसाशापुरता उरला. शब्दांच्या दुनियेत सिंहासनावरून कट्ट्यावर यायला एवढी शतके लागतात.

बिरुदांच्या या घसरणीने राज्यकर्तेही बेचैन झाले होते. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे पोर्तुगालचे राज्यही होते. त्याने 1597 साली पोर्तुगालसाठी कायदा काढून कुणाला काय म्हणावे हे ठरवून दिले. 1739 साली पाचव्या जोआवने पुन्हा तसाच हुकूम काढला. दुसऱ्यांदा हुकूम काढावा लागतो याचा अर्थ पहिला पाळला गेला नव्हता. अलीकडे उलट्या दिशेचा कायदा झाला : ब्राझीलच्या संघसरकारने 11 एप्रिल 2019 च्या आदेशाने आपल्या कार्यपालिकेतील अधिकाऱ्यांमध्ये 'सेन्योर' हे एकच संबोधन ठेवले आणि 'वोसा एसेलेन्सिया'सारखी बिरुदे त्या पत्रव्यवहारापुरती बंद केली. मला या तिन्ही कायद्यांत एकच श्रद्धा दिसते; सर्वनाम हे सरकारी नाण्यासारखे आहे, त्याचे मूल्य टांकसाळीत ठरते, ही. ते बाजारात ठरते, हे सिंत्रांच्या ग्रंथाने पुरेसे दाखवले आहे.

गोव्याचा संबंध येथे येतो तो प्रार्थनेच्या वाटेने. मराठीने पोर्तुगीजकडून पगार घेतला, चावी घेतली, बटाटा आणि पाद्री घेतला. सर्वनाम घेतले नाही, आणि भाषा सहसा ते घेतही नाहीत. परंतु गोव्यातील ख्रिस्ती माणसाच्या जिभेवर शतकानुशतके तीन भाषांतील एकच प्रार्थना नांदत होती. स्वर्गातील पित्याला लॅटिनमध्ये 'तु'ने हाक मारली जाते. कॅथॉलिकांच्या पोर्तुगीज प्रार्थनेत त्याच पित्याला 'वॉस' म्हणजे आदराचे अनेकवचन आहे. कोंकणीत तो पुन्हा 'तूं' आहे, 'तुजें नांव' असे म्हणण्याइतका जवळचा. एकाच दिवशी, एकाच प्रार्थनामंदिरात, एकाच देवाशी भक्ताचे अंतर तीनदा बदलत होते. पोर्तुगीज बोलणाऱ्यांतही येथे एकमत नाही. जुआंव फेरेइरा द आल्मेइदा यांच्या प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 'तु' आहे. विठ्ठलाला 'तू' म्हणण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला कोंकणी 'तूं' स्वाभाविक वाटते आणि 'वॉस' परके. पण त्यावरून पोर्तुगीज भक्ती कोरडी आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे आपल्या सर्वनामाने दुसऱ्याची भक्ती मोजणे होय. थॉमस स्टीफन्स यांनी ज्या प्रदेशात मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले (ते 1616 मध्ये छापले गेले) आणि पोर्तुगीजमध्ये कोंकणीचे व्याकरण लिहिले (ते त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये रायतूर येथे छापले गेले), तेथे दोन सर्वनामव्यवस्था एकाच माणसाच्या टेबलावर शेजारी पडून होत्या. या शेजाराचा अभ्यास मराठीच्या विभागांनी हाती घ्यायला हवा होता, असे राहून राहून वाटते. आपल्या अभ्यासक्रमांत 'क्रिस्तपुराण' येते ते बहुधा ओवीच्या गोडव्यासाठी.

आता दामाझिओकडे परतू. तो 'वोस्मेसे' म्हणतो. राजसभेपासून ब्राझीलच्या घरापर्यंतच्या उतरंडीत हा शब्द मधल्या पायरीवर थबकलेला आहे : शहराने टाकलेला, रानात राहिलेला. त्यात आदर आहे. परंतु तो दप्तराचा आदर नव्हे, जुन्या ग्रामीण रीतीचा आहे. त्यामुळे वर्गातला दुसरा तट जिंकला असे मात्र होत नाही. दामाझिओचा आदर त्याच्या धाकाला कमी करत नाही, उलट तो धाक अधिक गडद करतो. रीतीने बोलणारा मारेकरी हा रीत मोडणाऱ्या मारेकऱ्याहून भयंकर असतो. निवेदकाला या माणसाची भीती वाटते ती तो उद्धटपणे बोलतो म्हणून नव्हे. तो व्यवस्थित बोलतो, विचार करून बोलतो, शब्दाची किंमत जाणतो; आणि किंमत ठरली की वसूल करायला निघणार आहे.

दुसरी गोष्ट व्युत्पत्तीची. 'वोस्मेसे'च्या पोटात 'कृपा' आहे. ज्याचा जीव दामाझिओच्या कृपेवर टांगलेला आहे त्यालाच दामाझिओ दरवेळी 'आपली कृपा' म्हणून संबोधतो. याला आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे : बोलणाऱ्याला व्युत्पत्ती ऐकू येत नाही. 'राव' म्हणताना आपल्याला राजा दिसत नाही, तसा दामाझिओला 'वोस्मेसे'त अनुग्रह दिसत नसणार. पण ही कथाच मुळी अशा माणसाची आहे की ज्याला एका शब्दाच्या पोटात काय आहे हे कळल्यावाचून झोप लागत नाही. जो एका शब्दाच्या अर्थासाठी सहा कोस आला त्याच्या तोंडी लेखकाने दर वाक्याला असा एक शब्द ठेवला आहे की ज्याचा अर्थ विचारावा असे त्याच्या मनातही येत नाही. भाषेवर पराकोटीचे प्रेम करणाऱ्या रोझांना हे दिसले नसेल असे मानणे मला अवघड जाते. व्युत्पत्ती पात्राला ऐकू येत नाही, पण संहितेला येते. निदान या संहितेला.

तिसरी गोष्ट निवेदकाच्या उत्तरात आहे. 'फामिझेरादू'चा रूढ अर्थ कुप्रसिद्ध असा आहे. कोशातला जुना अर्थ मात्र नामांकित. निवेदक कोशामागे लपतो आणि सांगतो की या शब्दात अपमान नाही. दामाझिओ अडून बसतो : हे सारे गरिबांच्या रोजच्या बोलीत सांगा. तेव्हा निवेदक तसेही सांगतो, आणि वर म्हणतो की अशा घटकेला आपल्यालाच फामिझेरादू व्हायला आवडेल. या उत्तरात तो दामाझिओला 'उ सेन्योर' म्हणतो. म्हणजे दोघेही एकमेकांना तृतीय पुरुषात ठेवून बोलत आहेत. एकाचा आदर रानातला, दुसऱ्याचा शहरी. एक जुना, एक चालू. पूर्ण कथेत दोन माणसे मरणाच्या काठावर बोलतात आणि व्याकरणाच्या दृष्टीने पाहता कुणी कुणाशी बोलतच नाही; दोघेही एका अनुपस्थित मान्यवराविषयी बोलत राहतात. बेन्व्हेनिस्त यांच्या अ-पुरुषाला याहून चांगले उदाहरण सापडायचे नाही. शेवटी दामाझिओ साक्षीसाठी आणलेल्या तिघांना सोडून देतो, पाणी पितो, शिकलेल्या माणसाच्या थोरवीची वाखाणणी करतो आणि जातो. कुणाचा तरी जीव वाचतो. तो वाचतो तो खोट्याने नव्हे, कारण निवेदकाचे एकही वाक्य शब्दशः खोटे नाही. तो वाचतो तो आदराच्या भाषेने निर्माण केलेल्या अंतरामुळे. 'तू'च्या संवादात एवढी जागा सापडली नसती.

रोझांनीच 1956 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'ग्रांद सेर्तांव : वेरेदास' या महाकादंबरीत हे तंत्र कितीतरी पटींनी मोठे झालेले दिसते. म्हातारा जमीनदार रिओबाल्दो, एके काळचा बंडखोर टोळीवाला, शहरातून आलेल्या एका सुशिक्षित पाहुण्याला आपली जन्मकथा सांगतो. पाहुणा शेकडो पानांत एक शब्दही बोलत नाही. त्याचे अस्तित्व केवळ एका संबोधनात आहे : 'उ सेन्योर'. त्याने काय विचारले, तो कुठे हसला, त्याने काय टिपून घेतले, हे सगळे आपल्याला रिओबाल्दोच्या 'उ सेन्योर'च्या हेलकाव्यांतून कळते. हाच शब्द ब्राझीलमध्ये गुलामांच्या मालकाला लागत असे. देवालाही 'सेन्योर'च म्हणतात. सैतान आहे की नाही या एका प्रश्नाभोवती फिरणारी कादंबरी आरंभापासून शेवटापर्यंत अशा शब्दाला उद्देशून सांगितली जाते, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. 1963 साली आलेल्या इंग्रजी अनुवादात ही सगळी इमारत इंग्रजीच्या एकुलत्या द्वितीय पुरुषावर उभी करावी लागली. त्यात अनुवादकांचा दोष नाही, त्यांच्या भाषेने ती विटच ठेवलेली नव्हती.

आपल्या भाषेने ठेवली आहे, आणि म्हणूनच मराठी अनुवादकाने इंग्रजीवर विसंबणे हे सर्वनामांच्या बाबतीत तरी अक्षम्य ठरते. पोर्तुगीज साहित्य मराठीत येते ते जवळजवळ नेहमी इंग्रजीच्या वाटेने. त्या वाटेवर शैली थोडी थोडी गळते, वाक्यलय गळते. संबोधन मात्र एकदम आणि पूर्ण गळते, आणि मराठी अनुवादक ते आपल्या अंदाजाने परत भरतो. वाचकाला तो अंदाज लेखकाचा वाटतो. प्रियकराने प्रेयसीला 'तू' केव्हा म्हटले, नोकराने मालकाला 'तुम्ही' म्हणणे कुठे सोडले, अशा जागा कादंबरीच्या कण्यावरच्या असतात; तेथे अंदाज चालत नाही.

तर मग 'वोस्मेसे'ला मराठीत काय म्हणावे? 'तुम्ही' म्हटले तर अर्थ पोचतो, शब्दाची झीज पोचत नाही. 'आपण' म्हटले की वाक्यावाक्याला गोंधळ. 'आपण' आदराचाही, समावेशक 'आम्ही'चाही आणि 'आपण नाही जाणार बुवा' म्हणणाऱ्याचा स्वतःचाही. 'मालक' आणि 'धनी' यांत चाकरी येते, जी दामाझिओ कुणाची करत नाही. 'सरकार' कथेच्या मुळावरच येते, कारण भांडण सरकारी माणसाशी आहे. 'दादा', 'बापू' नात्याची ऊब आणतात. या दोघांत ती नाही. एका वर्षी एका विद्यार्थ्याने 'मेहेरबान' सुचवले आणि वर्ग हसला. मीही हसलो. नंतर विचार करता वाटले, व्युत्पत्ती जुळते. 'मेहेरबान' म्हणजे कृपाळू. झीजही जुळते, दरबारातून तो शब्द कचेरीतल्या अर्जांच्या मायन्यात उतरला आणि तेथे 'मे.' एवढाच उरला. तृतीय पुरुषही जुळतो : 'मेहेरबानांनी अर्थ उलगडून सांगावा.' शिवाय मेहेरबानीवर जगणारा कोण आणि मेहेरबान कोण, हा उलटा व्यवहार मराठी कानाला 'वोस्मेसे'पेक्षाही लवकर ऐकू येईल. मात्र त्याला फारसीचा आणि न्यायालयाच्या अर्जाचा वास आहे. रानातल्या घोडेस्वाराच्या तोंडी तो कितपत टिकेल, याविषयी माझी खात्री होत नाही. तूर्त मी तोच ठेवला आहे, चारपाच ठिकाणी, प्रत्येक वाक्यात नव्हे. निवेदकाच्या उत्तरातल्या 'उ सेन्योर'साठी 'आपण'. तेथे त्या शब्दाचा घोळ उपयोगी पडतो : अशा घटकेला फामिझेरादू व्हायला आवडेल असे निवेदक म्हणतो तेव्हा मराठीत त्यातला 'आपण' नक्की कोण, हे दामाझिओलाही क्षणभर कळू नये.